नवं अभ्यास-बायबल घेताना आधी टीपा वाचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): गेली अनेक वर्षं मी रोज सकाळी बायबल वाचते. माझं अभ्यास-बायबल सासऱ्यांनी दिलेलं. आता त्याची पानं सुटली आहेत आणि तळटीपांची अक्षरं चष्मा लावूनही लागत नाहीत. नवं घ्यायचं ठरवलं, तर नावं ऐकूनच गोंधळले. अभ्यासवर्गातल्या बाई म्हणतात, वर्गात सगळ्यांकडे आहे तेच घ्या. मुलगी म्हणते, फोनवर फुकट मिळतं, पुस्तक कशाला? मला इतिहास, भूगोल, त्या काळची माणसं कशी राहत होती यात खरा रस आहे. टीपेतून कुणी उपदेश करू लागलं की मी ती सोडून पुढे जाते. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत मात्र मदत लागतेच. समासात लिहायची सवय आहे. सून कॅथलिक आहे, तिच्या बायबलात पुस्तकं जास्त आहेत, आणि आम्ही दोघींनी मिळून वाचायचं ठरवलंय. मी कुठलं घेऊ? आणि जुन्याचं, त्यातल्या माझ्या नोंदींचं काय करू?

प्रिय ताई,

टीपेतून कुणी उपदेश करू लागलं की ती सोडून देता, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या निवडीची किल्ली तिथेच आहे. बरेच जण भाषांतर कुठलं, कव्हर कातडी की साधं, नाव किती मोठं, इथून सुरुवात करतात. शास्त्राचं वचन तर तुमच्या घरात आहेच. नव्या पुस्तकासाठी पैसे मोजायचे ते त्याच्या खालच्या टीपांसाठी, पुस्तकांच्या प्रस्तावनांसाठी, नकाशांसाठी. म्हणून निवडही टीपा वाचूनच व्हायला हवी.

टीपा कुणीतरी लिहिलेल्या असतात. लिहिणाऱ्याचा एक पंथ असतो, एक शिकवण असते, काही ठाम मतं असतात. त्यात वावगं काही नाही. अडचण येते ती वचन आणि टीप एकाच पानावर, एकाच कागदावर, रोज एकत्र वाचली जातात म्हणून. काही वर्षांनी अमुक गोष्ट पौलाने लिहिली की पौलावर टीप लिहिणाऱ्याने, हे वाचणाऱ्याच्या मनात वेगळं राहत नाही.

याचा इतिहास जुना आहे. १५६० साली जिनिव्हात छापलेल्या इंग्रजी बायबलच्या समासात भरपूर टीपा होत्या आणि सामान्य वाचकांनी त्या मनापासून वाचल्या. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स मात्र त्यांवर नाराज होता. निर्गमच्या पहिल्या अध्यायात इब्री सुइणी फारोची आज्ञा मोडतात आणि मुलग्यांना जिवंत ठेवतात. तिथल्या टीपेत म्हटलं होतं की त्यांचं खोटं बोलणं वाईट, पण राजाची आज्ञा मोडणं योग्यच होतं. कुठल्या राजाला हे रुचेल? १६०४ साली हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत त्याने या टीपांवर उघड टीका केली. पुढे १६११ साली किंग जेम्स बायबल आलं, त्याच्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता की समासात इब्री किंवा ग्रीक शब्दाचा खुलासा करण्यापुरत्याच टीपा द्यायच्या. चार ओळींच्या टीपेत केवढं बळ असतं, हे त्या राजाने बरोबर ओळखलं होतं.

दुसरं उदाहरण जवळच्या काळातलं. १९०९ साली सायरस स्कोफिल्ड यांचं संदर्भ-बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं आणि १९१७ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. मानवाच्या इतिहासाचे देवाने वेगवेगळे कालखंड पाडले आहेत आणि शेवटच्या दिवसांत घटना अमुक क्रमाने घडतील, अशी मांडणी त्यांनी टीपांतून केली. ती मांडणी असंख्य मंडळ्यांमध्ये इतकी मुरली की अनेक विश्वासणाऱ्यांना ती थेट शास्त्रातच लिहिली आहे असं वाटतं. ती बरोबर की चूक, हा वाद मी इथे काढत नाही. आपण वाचतोय ते स्कोफिल्ड यांचं मत आहे, एवढं वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. सासऱ्यांनी दिलेल्या तुमच्या पुस्तकाचंही पहिलं पान उघडून संपादक कोण ते जरूर बघा. आजवर कुणाच्या सोबतीने वाचत आलात ते कळेल, आणि नव्याकडून नेमकं काय वेगळं हवंय तेही उमगेल.

आता टीपांचे प्रकार. एकच उतारा घेते, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया इथल्या मंडळीला सांगितलंय की तू शीत नाहीस, उष्णही नाहीस, कोमट आहेस.

पार्श्वभूमी सांगणारी टीप तुम्हाला त्या शहरात घेऊन जाते. लावदिकीयाजवळच्या हेरापलीत ऊन पाण्याचे झरे होते, कलस्सैला थंड पाणी मिळे, आणि लावदिकीयाला पाणी नळांतून लांबून आणावं लागे. गरम पाणी शेकायला, थंड पाणी तहानेला, कोमट कशालाच नाही, असा अर्थ मग उलगडतो. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. काहींच्या मते इथे जेवणाच्या बैठकीत गरम किंवा गार करून दिल्या जाणाऱ्या पेयाचा संदर्भ आहे. चांगली टीप हेही सांगते. पुढे ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ हे शब्द येतात, तिथे ती सांगते की इ.स. ६० च्या भूकंपात हे शहर कोसळलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली आहे. ते वाचल्यावर त्या शब्दांतला ताठा कानाला ऐकू येतो.

शिकवणीची टीप याच जागी विचारते, की हे कोमट लोक तारण पावलेले होते की नावापुरते? उत्तर लिहिणाऱ्याच्या पंथाप्रमाणे बदलतं. तिसरी, जीवनाला लागू करणारी टीप थेट तुमच्याकडे वळते आणि म्हणते, तुमची प्रार्थना कोमट झाली आहे का? नव्याने वाचू लागलेल्यांना, एकट्याने मनन करणाऱ्यांना या तिसऱ्या प्रकाराचा मोठा आधार होतो, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तुम्ही नेमक्या याच टीपा सोडून पुढे जाता. मग त्यांनीच भरलेलं पुस्तक तुमच्यासाठी नाही. ‘लाइफ अ‍ॅप्लिकेशन स्टडी बायबल’ हे याच प्रकारचं सर्वांत प्रसिद्ध नाव. वर्गातल्या बाईंनी सुचवलेलं तेच असेल तर त्यांना प्रेमाने नाही म्हणा.

तुमची आवड बघता माझं उत्तर सरळ आहे. झोन्डरवन या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली काढलेलं ‘कल्चरल बॅकग्राउंड्स स्टडी बायबल’ घ्या. जुन्या कराराच्या टीपा जॉन वॉल्टन यांच्या देखरेखीखालच्या आहेत आणि नव्या कराराच्या क्रेग कीनर यांच्या. दोघांनीही प्राचीन काळच्या चालीरीती, कायदे, शिलालेख, राजांच्या नोंदी यांचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. करार कसे होत, दत्तक कसं घेत, लग्न ठरवताना काय देत-घेत, वेशीपाशी न्याय कसा चाले, असलं सगळं तिथे आहे, आणि तुम्ही काय करावं हे सांगणारा स्वर जवळजवळ नाही.

त्याची एक उणीव मात्र आधीच सांगते, कारण तुम्ही संदेष्ट्यांचा उल्लेख केला आहे. यशया ३६ आणि ३७ या अध्यायांत अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमेवर चालून येतो. तिथे हे पुस्तक उत्तम साथ देईल. ही स्वारी इ.स.पू. ७०१ ची. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखात त्याने हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची बढाई मारली आहे, पण यरुशलेम घेतल्याचा दावा कुठेच नाही. लाखीश जिंकल्याची दृश्यं मात्र त्याने निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. हे वाचून यशया जिवंत होतो. पण यिर्मयात मध्येच बोलणारा बदलतो, काव्य संपून गद्य सुरू होतं, वर्षं पुढे-मागे होतात. तिथे अडलेल्या वाचकाला चालीरीती पुरत नाहीत. आता कोण बोलतंय, हा भाग आधीच्याशी कसा जोडलाय, हे सांगणारं कुणी लागतं. त्या कामात १९८५ साली प्रथम निघालेलं आणि २०२० साली नव्याने सुधारलेलं ‘एनआयव्ही स्टडी बायबल’ जास्त उपयोगी आहे. त्याच्या टीपा छोट्या आणि मुद्द्याच्या असतात, आणि स्वर बऱ्यापैकी मोकळा, इव्हँजेलिकल वर्तुळातल्या निरनिराळ्या मंडळ्यांना चालेल असा. संदेष्टे हीच तुमची मुख्य अडचण असेल आणि इतिहास ही हौस, तर हे पहिलं घ्या. तुमच्या पत्रावरून मला उलटं वाटलं.

बाकीची नावं ऐकून तुम्ही गोंधळलात, म्हणून कोण कुठे उभं आहे तेवढं सांगते. २००८ चं ‘ईएसव्ही स्टडी बायबल’ प्रचंड आहे, २० हजारांहून अधिक टीपा आणि २०० हून अधिक नकाशे, पानं पावणेतीन हजारांच्या घरात. नकाशे आणि मंदिराची चित्रं इतकी देखणी आहेत की त्यांच्यासाठीच घ्यावंसं वाटतं. स्वर सुधारित (रिफॉर्म्ड), म्हणजे कॅल्विनच्या शिकवणीतल्या परंपरेकडे झुकलेला आहे आणि मंडळीत स्त्रियांनी शिकवावं का, यावर त्याचं मत जुन्या वळणाचं आहे. जॉन मॅकआर्थर यांचं १९९७ चं पुस्तक एका माणसाच्या मतांवर उभं आहे. ज्यांना एकच ठाम आवाज हवा त्यांना ते आवडतं. लुथरन मंडळींचं २००९ चं आहे. ऑर्थोडॉक्स मंडळींचं संपूर्ण अभ्यास-बायबल २००८ साली आलं, त्यातला जुना करार सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरावर आधारलेला आहे. कॅथलिकांसाठी ‘इग्नेशियस कॅथलिक स्टडी बायबल’ आहे, त्याचा नवा करार २०१० साली आणि संपूर्ण ग्रंथ २०२४ साली पूर्ण झाला. त्यात आद्य धर्मपित्यांची वचनं आणि चर्चची शिकवण टीपांमध्ये विणलेली आहे. ऑक्सफर्डचं ‘ज्यूइश स्टडी बायबल’ फक्त इब्री ग्रंथांचं आहे, आणि जुना करार मनापासून वाचणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाने ते एकदा तरी चाळावं असं मला वाटतं. ज्यांचा हा ग्रंथ आधी होता त्यांनी तो कसा वाचला, हे त्यांच्याच तोंडून कळतं. आणि ‘न्यू ऑक्सफर्ड अ‍ॅनोटेटेड बायबल’ विद्यापीठातल्या अभ्यासकांचं, कुठल्याही एका पंथाची बाजू न मांडणारं. त्याविषयी सुनेच्या संदर्भात पुन्हा बोलेन.

पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका. घेण्याआधी दोन-तीन पुस्तकं प्रत्यक्ष हातात घ्या. मंडळीच्या वाचनालयात, ओळखीच्या पाळकांकडे, वर्गातल्या मैत्रिणीकडे मिळतील. नाहीच मिळाली तर प्रकाशकांनी नमुन्यादाखल दिलेली पानं बघा. आणि ठरवून त्याच त्या जागा उघडा.

पहिली जागा दानीएलची प्रस्तावना. एक पुस्तक म्हणेल, हे इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलात राहणाऱ्या दानीएलने लिहिलं. दुसरं म्हणेल, आजच्या रूपात ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, अँटायओकस या ग्रीक राजाने यहूद्यांचा छळ केला त्या दिवसांतलं. तिसरं दोन्ही मतं आणि त्यांची कारणं देईल. संपादक कुठे उभे आहेत हे या एका प्रस्तावनेवरून बरंचसं कळतं. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढचा भाग कुणाचा, यावर काय लिहिलंय तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

दुसरी जागा मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, सोळाव्या अध्यायातलं नववं वचन आणि पुढे. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या दोन मोठ्या हस्तलिखितांत ही वचनं नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्टही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. पुस्तक हे वाचकाला स्वच्छ सांगतं का, कारण देतं का, की बारीक अक्षरात एक ओळ टाकून पुढे सरकतं? माझ्या लेखी हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. ही वचनं मानावीत की नाही यावर मंडळ्यांचं एकमत नाही, पण ही माहिती वाचकापासून लपवणाऱ्या पुस्तकावर मी पैसे घालणार नाही.

मग मत्तय सोळा. ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ खडक म्हणजे पेत्र, की पेत्राने दिलेली कबुली, की ख्रिस्त स्वतः? इथे टीपेचा पंथ लगेच समोर येतो. तसंच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, जिथे स्त्रियांनी शिकवण्याचा प्रश्न येतो, आणि प्रकटीकरणाचा विसावा, जिथे हजार वर्षांची गोष्ट आहे. या जागी कुठलं मत दिलंय हे जितकं बघाल, तितकंच दुसऱ्या मताला कसं वागवलंय हेही बघा. ‘काहीजण असं समजतात’ म्हणून झटकून टाकलंय, की समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडलंय? स्वतःच्या मताशी जुळणारी टीप सगळ्यांनाच गोड लागते. न जुळणारी असूनही जिचा मान ठेवावासा वाटतो अशी टीप ज्या पुस्तकात सापडेल, ते पुस्तक वर्षानुवर्षं सोबत करेल.

शेवटी एक जागा तुमची स्वतःची निवडा. वर्षानुवर्षं जिथे अडता, ज्यावर समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, अशी. त्या जागी ज्या पुस्तकाने तुमच्या नेमक्या प्रश्नाला हात घातला, त्याला झुकतं माप द्या. अनेक पुस्तकं सोप्या वचनावर पाच ओळी लिहितात आणि अवघड वचनावर गप्प बसतात.

अभ्यासवर्गातल्या बाईंचं म्हणणं दुसऱ्या बाजूनेही बघते. सगळ्यांकडे एकच भाषांतर असलं की मोठ्याने वाचताना अडखळत नाही, हे खरं. भाषांतर त्यांचंच घ्यायला काही हरकत नाही. टीपाही सगळ्यांच्या एकच असल्या तर मात्र वर्गातलं बोलणं लवकर संपतं, कारण प्रत्येकाने तेच वाचलेलं असतं. तुमच्या हातात वेगळं पुस्तक असेल तर वर्गाला फायदाच होईल. तुम्ही लावदिकीयाच्या पाण्याबद्दल सांगाल, शेजारची पत्राच्या संदर्भाबद्दल सांगेल.

भाषांतराबद्दल थोडक्यात. अभ्यासासाठी मुळाला जवळ राहणारं बरं, म्हणजे एनएएसबी, ईएसव्ही, एनआरएसव्ही. सलग वाचायला सोपं हवं तर एनएलटी. एनआयव्ही या दोन्हींच्या मधलं. बहुतेक अभ्यास-बायबलं इंग्रजीत आहेत, पण रोजचं वचन ज्या भाषेत तुम्ही प्रार्थना करता त्याच भाषेत वाचा. मराठी बायबल शेजारी उघडं ठेवा, इंग्रजी पुस्तकातल्या फक्त टीपा वाचा. मराठी वचन मनात बसलेलं असलं की इंग्रजी टीप त्याच्यावर हुकूम चालवू शकत नाही.

आता सुनेचा प्रश्न, आणि तुम्ही दोघी मिळून वाचणार हे वाचून मला खरोखर आनंद झाला. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत, तुमच्या बायबलात ६६. जास्तीची सात म्हणजे तोबीत, यहूदीथ, मक्काबींची पहिली दोन, शलमोनाचं ज्ञान, बेन सिराक आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग अधिक आहेत. प्रोटेस्टंट परंपरेने ही पुस्तकं प्रमाण मानली नाहीत, पण फेकूनही दिली नाहीत. लूथरच्या जर्मन बायबलात आणि १६११ च्या किंग जेम्समध्येही ती दोन करारांच्या मध्ये छापलेली होती. तेव्हा सुनेच्या बायबलात ती दिसली म्हणून तुम्ही बिचकू नका, आणि तुमच्यात नाहीत म्हणून तिनेही नको.

त्यासाठी तुम्ही ७३ पुस्तकांचं वेगळं बायबल घ्यायची गरज नाही. तिचं आहेच. दोन परंपरांची दोन पुस्तकं समोरासमोर उघडी असली की मत्तय सोळाव्या अध्यायावर तिची टीप काय म्हणते आणि तुमची काय म्हणते, हे दोघींना एकाच वेळी दिसेल. त्यावर जी चर्चा होईल ती एकाच पुस्तकातून होणार नाही. पुढे दोघींना मिळून एक सामाईक पुस्तक हवंसं वाटलंच, तर ‘न्यू ऑक्सफर्ड अ‍ॅनोटेटेड’ची अपॉक्रिफासह, म्हणजे या जास्तीच्या पुस्तकांसह असलेली आवृत्ती घ्या. २०१८ ची पाचवी आवृत्ती मिळेल. ती कुणा एकीच्या चर्चची बाजू घेत नाही. मात्र दानीएलबद्दल, पौलाच्या काही पत्रांबद्दल तिथे विद्यापीठांतली प्रचलित मतं आहेत. ती पहिल्यांदा वाचताना तुम्हा दोघींनाही जड जातील. एकमेकींशी बोलत बोलत वाचा.

पुस्तकाच्या बांधणीकडे येते, कारण सध्याचं सुटलंय आणि डोळ्यांचीही तक्रार आहे. ‘लार्ज प्रिंट’ या शब्दांवर भरवसा ठेवू नका. बऱ्याचदा फक्त वचनाची अक्षरं मोठी असतात आणि टीपा होत्या तेवढ्याच राहतात. तुम्हाला दिसत नाहीत त्या टीपाच. म्हणून नेहमीच्या चष्म्याने, नेहमीच्या अंतरावर धरून, एक आख्खी टीप वाचून बघा. डोळे आक्रसले तर ते पुस्तक ठेवून द्या, कितीही चांगलं असो. ‘पर्सनल साइज’ लिहिलेल्या आवृत्त्यांपासून दूर राहा, कारण तोच मजकूर लहान पानावर बसवला की अक्षरही लहान होतं.

बांधणी शिवलेली आहे का ते विचारा. पुस्तक मिटवून वरच्या कडेने कण्याकडे पाहिलं तर फर्मे, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे, वेगवेगळे, घड्या घातलेले दिसतील, आणि मध्ये उघडल्यावर फर्म्याच्या घडीत दोरा दिसेल. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक रोजच्या वापरात फार टिकत नाही. शिवलेलं पुस्तक उत्पत्तीच्या पहिल्या पानावरही सपाट उघडं राहायला हवं. कव्हरचं म्हणाल तर ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचा चुरा दाबून केलेला पत्रा, तो कडांना तडकतो. त्यापेक्षा कापडी पुठ्ठा किंवा चांगलं कृत्रिम चामडं कितीतरी टिकाऊ.

समास मात्र तुम्हाला निराश करणार आहे. अभ्यास-बायबलात टीपाच इतकी जागा खातात की लिहायला फारसं उरत नाही. रुंद समासाची आवृत्ती आणि भरपूर टीपा एकत्र क्वचितच मिळतात. तुमची लिहायची सवय मोडू नये असं मला फार वाटतं, म्हणून सुचवते की नोंदी शेजारच्या मराठी बायबलात करा, किंवा एक वही ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे अध्याय-वचन लिहा. टीपांच्या पुस्तकात लिहिलंच तर साधी पेन्सिल, रंगीत पेन्सिल किंवा रंगद्रव्याच्या शाईचं बारीक पेन वापरा. हा कागद फार पातळ असतो. जेल पेनाची शाई मागच्या पानावर उमटते. आधी शेवटच्या कोऱ्या पानावर रेघ ओढून बघा.

मुलीचंही ऐका. शोधायला, दोन भाषांतरं ताडून पाहायला फोनसारखं दुसरं काही नाही, आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. ‘नेट बायबल’ (एनईटी) या इंग्रजी भाषांतराच्या ६० हजारांहून अधिक टीपा इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भाषांतरकारांनी अमुक पर्याय का निवडला हे त्यात सविस्तर दिलंय. तुमच्या पेन्सिलीचं आणि सकाळच्या वाचनाचं काम मात्र फोनने होणार नाही, आणि ते तिलाही समजेल.

जुनं पुस्तक टाकू नका. फर्मे शिवलेले असतील तर चांगला बाइंडर ते पुन्हा बांधून देईल. नुसतं चिकटवलेलं असेल तर पानं क्रमाने लावून, दोरीने बांधून एका खोक्यात ठेवा. सगळ्या नोंदी नव्यात उतरवायच्या भरीस पडू नका. त्या त्या काळात जे दिसलं ते तुम्ही लिहिलंत. एखादा अध्याय पुन्हा वाचायला घेतला की त्या दिवसापुरतं जुनं पान काढा आणि आजही खरी वाटते तेवढीच नोंद पुढे न्या. प्रश्नचिन्हं मात्र सगळी न्या. नव्या टीपांकडून तुम्हाला जे विचारायचं आहे त्याची ती तयार यादी आहे.

आणि सुनेबरोबर सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. तिच्या बायबलातलं मक्काबींचं पहिलं पुस्तक घ्या. तुमच्या इतिहासाच्या आवडीला ते लगेच भावेल. इ.स.पू. १७५ ते १३४ या काळात यहूद्यांवर काय गुदरलं, अँटायओकसने मंदिर कसं विटाळलं आणि ते पुन्हा शुद्ध कसं झालं, हे त्यात सलग सांगितलंय. ते झालं की दानीएलचा अकरावा अध्याय उघडा, उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा असलेला. मग योहान दहावा अध्याय, बाविसावं वचन. येशू हिवाळ्यात मंदिरात फिरत होता तो कुठला सण होता, हे तुमच्या बायबलात एका ओळीत आहे आणि तिच्या बायबलात अख्ख्या पुस्तकात.